टाळीवर पाय

"जीभ बाहेर काढा. अजून थोडी," असं म्हणत डॉक्टरांनी फडक्याच्या तुकड्यात बाईंची जीभ धरली आणि ओढली. लांब दांड्याचा इवलासा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर जरा गरम करून त्यांनी तोंडात घातला. "आता 'ई' म्हणा."

बाई 'ई' म्हणाल्या. काय सांगू तुम्हाला, जीभ दुसऱ्याच्या मुठीत असतानासुद्धा तो 'ई' सुरात लागला होता.

मी कोपऱ्यात स्टुलावर त्यांची शाल मांडीवर घेऊन बसले होते. मिरजेला आम्ही दोघीच आलो होतो, घरी तंबोरा जवारीला, घोडी घासून सूर लावून घ्यायला, टाकायचा आहे असं सांगून. तंबोरा खरंच बरोबर आणला होता आणि सतारमेकरांच्या आळीत टाकलाही होता. खोटं बोलायचं तर अर्धं तरी खरं असावं, असं बाईंचं म्हणणं.

डॉक्टरांनी आरसा काढला, हात धुतले आणि खुर्चीत बसले. "गळ्यात आवाजाच्या दोन्ही पट्ट्यांवर गाठी आहेत. डाव्या बाजूची शीर फुगलीय. सहा महिने गाणं बंद. बोलणंसुद्धा बंद. मग बघू."

"रविवारी कोल्हापूरला खेळ आहे," बाई म्हणाल्या.

"तो नाही करायचा."

"बाकीची पदं गाळते मी. एकच म्हणेन."

"बाई, ती शीर फुटली तर आवाज कायमचा जाईल. मग माझ्याकडे औषध नाही."

"एकदा म्हटलं तर फुटेलच, असं आहे का?"

डॉक्टर बिचारे खरं बोलणारे निघाले. खोटं बोलले असते तर किती बरं झालं असतं! ते म्हणाले, "फुटेलच असं नाही. एकदा निभावेलही कदाचित. पण एकदाच हं. लगेच पुन्हा ताण दिलात तर काही खरं नाही."

बाईंनी नमस्कार केला, शाल घेतली आणि माझ्याआधी जिना उतरल्या. चेहरा असा की जणू सगळं मनासारखं झालं.

या बाई म्हणजे मनोरमा वळवईकर. आज नाव सांगितलं तर कोणी मान वर करून बघणार नाही. पण मी ज्या नाटकमंडळीत सखीची कामं करत होते तिचा खांब म्हणजे या बाई. राणी त्या व्हायच्या, जोगीण त्या व्हायच्या, राजपुत्र आजारी पडला तर मिशा लावून राजपुत्रही त्याच. एकदा विनोदी नट पळून गेला तेव्हा त्याचा तोतरा कारभारी त्यांनी असा केला की लोक पोट धरून हसले, आणि त्याच खेळात शेवटच्या अंकात जोगीण होऊन त्याच लोकांना रडवलं. ठुमरी म्हणा, लावणी म्हणा, अभंग म्हणा, ज्याचा त्याचा रंग त्या गळ्यात होता. सिनेमात कोरसला उभ्या राहिल्या, सासवा केल्या. पण बाईंच्या स्वतःच्या नावाची एकसुद्धा प्लेट, म्हणजे गाण्याची तबकडी, निघाली नव्हती. त्यांचं सगळ्यात गाजलेलं पद, 'नको रे जागवू पहाटवाऱ्या', ते मुंबईच्या एका बाईनं प्लेटवर म्हटलं आणि घरोघरी तेच वाजायचं. आमच्याच बिऱ्हाडाच्या मालकिणीनं एकदा बाईंना विचारलं होतं, "तुम्ही पण म्हणता का हो ते प्लेटवरचं गाणं?" मी त्या मालकिणीला चांगली झोडणार होते, पण बाई हसून म्हणाल्या, "हो, कधी कधी म्हणते."

मिरजेच्या स्टँडवर चहा पिताना मी तोंड सोडलं. "बाई, तुम्हाला वेड लागलंय. मी आज घरी गेल्या गेल्या मामांना सांगणार."

मामा म्हणजे त्यांचे यजमान, दामूमामा. आमच्या मंडळीचे तबलजी. माणूस देवभोळा, बोलघेवडा, आणि बायकोवर असा जीव की लोक चेष्टा करायचे.

"द्वारके, बस खाली," बाई म्हणाल्या. "ह्यांना सांगितलंस तर काय होईल, सांगू? हे खेळ बंद पाडतील. नाही पाडला, तर वाजवताना माझ्या गळ्याकडे बघत बसतील. हात भ्यायला की लय गेली. भ्यालेल्या ठेक्यावर मला नाही गाता येणार."

"मग नका गाऊ!"

"तेलंगसाहेब येतायत."

तेलंगसाहेब हा मुंबईचा प्लेटकंपनीचा माणूस. मामांनी वर्षभर त्याच्या दाराला चपला झिजवल्या होत्या. तो एकदाचा 'कोल्हापूरला रविवारी कामानिमित्त आहे, दुपारचा खेळ ऐकतो' म्हणाला होता. आणि आमची मंडळी त्या खेळानंतर मोडायची होती. पडदे विकायला काढले होते. पुढचा खेळ म्हणून काही नव्हताच.

"एकदा म्हणते," बाई म्हणाल्या. "पूर्ण गळ्यानं, राखून न ठेवता. त्याला पटलं की सांगेन, सहा महिन्यांनी मुंबईला येते. सहा महिने मुकी बसेन. आवाज परत आला की प्लेट होईल. एक झाली की बस. मग मी मेले तरी काही नाही."

"आणि वन्समोअर आला म्हणजे?"

बाईंनी कप खाली ठेवला. त्याच्यावरच विचार करत होत्या हे मला तेव्हा कळलं.

तुम्हा आजकालच्या लोकांना वन्समोअर म्हणजे काय ते समजायचं नाही. पद रंगलं की पब्लिक ओरडणार, आणि पब्लिक ओरडलं की गाणाऱ्यानं पुन्हा गायचं. मग त्या राणीचा मुलगा मांडीवर मरून पडलेला का असेना. मेलेल्या मुलाला बाजूला ठेवून राणी पुन्हा पहिल्यापासून गाणार. वन्समोअर नाकारणं म्हणजे पंगतीला बसलेल्याच्या पुढचं पान ओढणं. आमच्यात ते कोणी केलं नव्हतं.

"तू पाय द्यायचास," बाई म्हणाल्या.

"काय?"

"टाळीवर पाय द्यायचास. माझा शेवटचा सूर संपला की श्वास न घेता तू आत यायचंस आणि दूत आल्याचं सांगायचं. मोठ्यानं. खेळ पुढे गेला की वन्समोअर विरून जातो."

अगं बाई! टाळीवर पाय देणं हे आमच्या धंद्यात चोरीपेक्षा वाईट. मोठ्या नटीची टाळी सुरू असताना दुसरीनं मध्ये बोलायचं म्हणजे तिच्या तोंडातला घास काढायचा. मी नवीन असताना चुकून एकदा असं केलं होतं, तर मालकांनी मला महिनाभर पिठामिठाच्या डब्यांबरोबर स्वयंपाकघरात बसवलं होतं. आणि आता बाई स्वतः सांगत होत्या, माझ्या टाळीवर पाय दे म्हणून.

"लोक मला चपला मारतील," मी म्हणाले.

"मार खा," बाई म्हणाल्या. "माझ्यासाठी खा."

मी हो म्हणाले. काय करणार? त्यांनीच मला साडी नेसून रंगमंचावर चालायला शिकवलं होतं.

घरी मामांना एवढंच सांगितलं की बाईंना सर्दी झाली आहे. मामा लगेच ज्येष्ठमध आणि लवंगा घेऊन आले, काढा उकळला, वाटीत गाळून बाईंच्या हातात दिला आणि त्या पिईपर्यंत समोर उभे राहिले. "रविवारी मनू कशी गाते बघ, द्वारके! तो तेलंग खुर्चीवरून खाली पडेल." बाई काढा पीत होत्या आणि वाटीवरून माझ्याकडे बघत होत्या. मला तिथून उठून जावं लागलं.

रविवारी सकाळी आम्ही कोल्हापुरात पोचलो. बाई न बोलता मेकपच्या खोलीत पडून राहिल्या. बाकीची पदं गाळली आहेत, सगळा जोर एका पदावर, असं त्यांनी मामांना सांगितलं, आणि मामांना ते फार पटलं. मामा मूळचे कोल्हापूरचेच. लहानपण कुस्तीच्या तालमीत गेलेलं. आंघोळ करून टोपी घातली आणि मला म्हणाले, "मी जरा तालमीकडे जाऊन येतो."

"आता? आज?"

"जुनी माणसं आहेत. भेटून येतो."

तासाभरानं आले ते गालातल्या गालात हसत. तबल्याला हातोडी मारताना, मधेच थांबून, पुन्हा हसले.

"मामा, काय गंमत आहे?"

"आहे एक. तुला नंतर कळेल. मनूला काही बोलू नकोस हं."

मला वाटलं, हार-तुरे आणले असतील, नाहीतर कंदी पेढे. मामांना असल्या गमती करायची हौस होती. मी माझ्या पायांची चिंता करत होते, कोणाच्या टाळीवर पडणार आहेत याची.

दुपारचा खेळ सुरू झाला. नाटक आमचं जुनंच, 'संगीत पद्मलेखा'. थिएटर निम्मंअर्धं भरलं होतं. पुढच्या रांगेत तेलंगसाहेब, काळ्या चष्म्याचा, घडी घातलेला रुमाल मांडीवर. रंगमंचासमोर खाली ऑर्गनवर गुंडोपंत आणि त्यांच्या शेजारी तबल्यावर मामा, तोंड बाईंकडे. पहिला अंक कोरडा गेला. बाई बोलायच्या जागा नुसत्या डोळ्यांनी काढत होत्या, आवाज वाचवत होत्या. पब्लिक चुळबुळत होतं.

दुसऱ्या अंकात तो प्रसंग आला. राजा युद्धावर निघायची पहाट, तो झोपलेला, आणि पद्मलेखा वाऱ्याला म्हणते, याला जागवू नकोस. मी विंगेत उभी होते, पदर खोचून. गुंडोपंतांनी सूर दिला. बाईंनी डोळे मिटले.

ते गाणं मी हजार वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी जे ऐकलं ते मी आधी ऐकलं नव्हतं. बाईंनी काही राखून ठेवलं नाही. 'नको रे' म्हणताना त्या कोणाला तरी खरंच हात जोडत होत्या. अंतऱ्यात वरच्या षड्जावर गेल्या आणि तिथे थांबल्या, आणि चुळबुळणारं थिएटर असं स्तब्ध झालं की वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. विंगेतला पडदे ओढणारा गडी दोर सोडून बघत राहिला होता. मी रडत होते. भीतीनं रडत होते का सुखानं, देव जाणे.

बाई समेवर आल्या. संपलं. निभावलं! मी मनात मिरजेच्या दत्ताला नारळ बोलले.

आणि श्वास न घेता आत धावले. "राणीसाहेब! सीमेवरून दूत आला आहे!"

टाळ्या फुटल्याच होत्या. पण टाळ्याच नुसत्या, वन्समोअर नव्हता. मी हिशेबानं आले होते. तेवढ्यात तेलंगसाहेब खुर्चीतून उठलेले मला दिसले. ते बाजूच्या दाराकडे, आत येण्याच्या वाटेकडे, वळले होते. बाईंनाही ते दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पद्मलेखेचं नव्हतं, मनूचं होतं.

आणि मागून आवाज आला, "वन्स मोअर!"

एक नाही, पाच-सहा. असले आवाज की थिएटरचे पत्रे हादरावेत. मागच्या रांगेत फेटे बांधलेले दांडगे पुरुष उभे राहिले होते. "वन्स मोअर! वन्स मोअर!" त्यांच्या पाठोपाठ सगळं थिएटर उठलं. एकानं ओरडलं की दुसऱ्याला कंठ फुटतो. तेलंगसाहेब दारापाशी थांबले, हसले, आणि परत येऊन बसले.

"राणीसाहेब, दूत!" मी किंचाळले. "दूत आला आहे! दाराशी उभा आहे!"

"उभा राहू दे की त्याला!" मागून एक फेटा ओरडला. हशा पिकला. "ए सखे, हो की बाजूला! वन्स मोअर!"

मी हटले नाही. मी बाईंच्या आणि पब्लिकच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि पुढचं, त्याच्या पुढचं, दूताचंसुद्धा भाषण बोलायला लागले. कोणीतरी लाडवाचा पुडा फेकून मारला. माझ्या खांद्यावर फुटला. मी बोलत राहिले. अजून थोडं रेटलं असतं तर आवाज खाली बसला असता. मला पब्लिक ठाऊक आहे. तसं ते बसायलाही लागलं होतं.

तेवढ्यात खालून ठेका सुरू झाला.

मी खाली बघितलं. मामा बाईंकडे बघून हसत होते. डोळ्यांत पाणी, मान डोलतेय, आणि ठेका लावलेला, पहिल्यापेक्षा चढ्या लयीत, वन्समोअरला लावतात तसा. गुंडोपंतांनी सूर धरला. भुवया उंचावून मामा बाईंना खुणावत होते, 'चल मनू. मागतायत लोक. चल.'

ठेका लागला की आमच्यात वाट उरत नाही. पब्लिक शांत होऊन खाली बसलं. मी बाईंकडे बघितलं आणि ओठांनी 'नको' म्हटलं.

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या मामांकडे बघत होत्या. त्या माणसाला एवढं खूश त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितलं नसेल. त्यांनी हातानं मला बाजूला सारलं. अगदी हळू, पोटच्या पोरीला सारावं तसं. आणि 'नको रे' उचललं.

मुखडा नीट गेला. अंतऱ्याची पहिली ओळ गेली. वरच्या षड्जाला त्या पोचल्या आणि तिथे एका आवाजाचे दोन झाले. मग नुसता वारा. तोंड उघडं, मान ताणलेली, आणि आतून काही येईना. गुंडोपंतांनी झटकन ऑर्गनवर तो सूर भरला. बाई ओठ हलवत राहिल्या, हात करत राहिल्या, समेला बरोबर मान दिली. पब्लिकला वाटलं, राणीचा कंठ दाटून आला. काही बायका रडल्या. टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात पडल्या.

मला त्यांच्या पदराच्या टोकाला लाल डाग दिसला. पदर तोंडाला लावला होता त्यांनी.

राहिलेला खेळ तिथेच संपवला, बाईंची तब्येत बिघडली असं सांगून. मेकपच्या खोलीत त्यांना खुर्चीवर बसवलं. दाराशी तेलंगसाहेब आले, रुमालाची घडी हातात.

"वळवईकरबाई," ते म्हणाले, "पहिल्यांदा संपलं तेव्हा मी उठलोच होतो. आत येऊन सांगणार होतो की ठरलं म्हणून. मग म्हटलं, लोक एवढे मागतायत, पुन्हा ऐकून जावं." त्यांनी रुमाल खिशात घातला. "आमच्याकडे एकेक गाणं चार वेळा म्हणून घेतात. गळा पुरायला हवा. वाईट वाटून घेऊ नका. बघू पुन्हा कधी."

बाईंनी मान हलवली. हात जोडले. साहेब गेले.

मामा तोपर्यंत काहीच न समजून उभे होते. "मनू, काय झालं? बोल की. सर्दीनं बसला ना? होईल उद्या." बाईंनी तोंड उघडलं. मांजराच्या पावलांएवढाही आवाज आला नाही. मामांचा चेहरा पांढरा पडला. "दृष्ट लागली! एवढा वन्समोअर! दृष्ट नाही लागणार तर काय होईल?" ते पळत बाहेर गेले आणि समोरच्या खाणावळीतून मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन आले. खुर्चीभोवती फिरत, रडत, पुटपुटत त्यांनी बायकोची दृष्ट काढली.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मिरज, आरसा, फुगलेली शीर, एकदाच हं. तेवढ्यात दारात फेटे दिसले. सहा पैलवान, एकामागे एक, मान वाकवून आत आले. सगळ्यात पुढचा हसत म्हणाला, "काय दामूदा, झालं न्हवं झ्याक? वैनी, पोचला का आवाज आमचा? दामूदा सकाळी आले तालमीत, म्हणाले, म्हमईचा सायेब यायला लागलाय, माझ्या मनूचं पद संपलं की असं वराडा, असं वराडा की त्याला कळू दे कोल्हापूर काय चीज हाय ते. आम्ही म्हणलं, वैनीसाठी घसा फोडू!"

मीठ-मोहऱ्यांची मूठ तशीच धरून मामा खजील हसले. "तुला सांगणार होतो, मनू. गंमत म्हणून. गेली दोन वर्षं कुठे वन्समोअर आला नव्हता तुला. म्हटलं, आज तरी..."

बाईंनी मामांकडे बघितलं, मग पैलवानांकडे. मी त्यांना राणी बघितलंय, जोगीण बघितलंय, मिशा लावलेला राजपुत्र बघितलंय. त्या खोलीत त्यांनी जे केलं त्याच्यापुढे ते सगळं पोरखेळ होतं. त्या उठल्या. हसल्या, डोळ्यांपर्यंत हसल्या. पैलवानांना हात जोडले. टेबलावरच्या डब्यातले पेढे काढून एकेकाच्या हातावर ठेवले. मग मामांच्या डोक्यावरची वाकडी झालेली टोपी सरळ केली. आणि जाता जाता माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. मला कळलं. मी तोंड मिटलं.

आवाज परत आला नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं. घोगरी कुजबूज तेवढी राहिली. पुढे मिरजेत बिऱ्हाड केलं. बाई सिनेमाच्या कपडेपटासाठी साड्यांना जरीचे काठ लावून द्यायच्या. एकदा एका चित्रपटात मुक्या मावशीचं काम मिळालं, ते केलं. मामा घरी पोरांना तबला शिकवायचे. आणि कोणी आलं, नवीन पोरगं असो नाहीतर दूधवाला, मामा सुरू व्हायचे. "आमच्या हिचा शेवटचा खेळ कोल्हापूरला! काय वन्समोअर घेतला सांगू! दृष्ट लागली हो, नाहीतर..." बाई चहा गाळत असायच्या. मान डोलवायच्या.

एकदा मला राहवलं नाही. मामा बाहेर गेल्यावर मी म्हणाले, "बाई, तुम्ही माणूस आहात का दगड? किती दिवस ऐकून घेणार? सांगून टाका एकदाचं. नाहीतर मी सांगते."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मग कानाशी येऊन, त्या फाटक्या कुजबुजीत म्हणाल्या, "ह्यांना कळलं तर हे तबल्याला हात लावायचे नाहीत. घरात काहीतरी वाजायला हवं, द्वारके."

मामा गेले. जाईपर्यंत त्यांना कळलं नाही. मग गेल्या साली बाई गेल्या. मी तेवढी उरले, आणि आता लपवायचं कोणापासून?

कोल्हापुरात एका मंडळानं शोकसभा ठेवली. मंडळातल्या एका हौशी बाईंना कुठूनतरी नाव सापडलं होतं. 'विस्मृतीत गेलेली अष्टपैलू गायिका-अभिनेत्री' असं फलकावर लिहिलं होतं. फोटो होता तो मुक्या मावशीचा. पंधरावीस माणसं. सूत्रसंचालक मुलगी म्हणाली, दुर्दैवानं बाईंच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. मग म्हणाली, त्यांना प्रत्यक्ष ऐकलेलं कोणी आहे का?

मागून काठी टेकत एक म्हातारा उठला. फेटा तसाच. मी लगेच ओळखला. माईक हातात घेऊन म्हणाला, "मी हाय की. शेवटच्या खेळाला मी होतो. जो वन्समोअर झाला न्हवं, तो पहिला आवाज माझा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलीनं कौतुकानं विचारलं, "कसं होतं हो ते पद?"

म्हाताऱ्यानं डोकं खाजवलं. "ते काय ध्यानात न्हाई बघा. आम्ही संपायची वाट बघत होतो. संपल्यावर वराडायचं हुतं." लोक हसले. तोही हसला. त्याच्या मनात काही पाप नव्हतं, तेव्हाही नव्हतं.

मग ती मुलगी माझ्याकडे आली. "आजी, तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंय. दोन ओळी म्हणाल? निदान चाल तरी कळेल आम्हाला."

माझा गळा सखीचा, तोही ऐंशीच्या घरातला. पण म्हटलं, दुसरं कोण म्हणणार आहे? उभी राहिले आणि म्हटलं. 'नको रे जागवू पहाटवाऱ्या.' सूर हलत होता, वरचा षड्ज तर मी लांबूनच सोडून दिला. ते बाईंचं गाणं नव्हतं. कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, हे एवढंच होतं होय?

मी थांबले. आणि मागच्या रांगेतून, काठीवर उभं राहून, मायेनं, सगळं बळ एकवटून तो म्हातारा ओरडला, "वन्स मोअर!"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. मुलगी हसून म्हणाली, "आजी, प्लीज."

मी माईक खाली ठेवला आणि उतरले. माझ्यासमोर कोणी ठेका धरून बसलं नव्हतं, म्हणून मला उतरता आलं.